इंद्रधनुष्य गिळलेला राजा

एक राजा होता, आणि त्याचं तोंड कधी म्हणून मिटलेलं नसायचं. वेळूनगरचा राजा तो. नाव धीरसेन, पण धीर अंगात नावालाही नव्हता. सकाळी डोळे उघडायच्या आधी त्याचं तोंड उघडायचं. दात घासताना बोलायचा, जेवताना बोलायचा, घोड्यावर बसला तर घोड्याशी बोलायचा. घोड्याचे बिचाऱ्याचे कान दुखायचे, बरं का.

त्याची राणी होती केतकी. स्वभावानं गोड, हुशार, हसरी. पण तिचं एक दुःख होतं. लग्न झाल्यापासून तिचं एकही वाक्य पुरं झालं नव्हतं. ती म्हणायची, "अहो, मी काय म्हणते," की राजा म्हणायचा, "तू काय म्हणतेस ते मला ठाऊक आहे," आणि मग तो स्वतःच सुरू व्हायचा. अर्धी अर्धी वाक्यं पोटात ठेवून राणी जगत होती.

आणि हो, राणीला गायची फार हौस. रोज सकाळी ती गच्चीवर बसून गायची. आता तिला सा कुठला आणि प कुठला ते काही कळायचं नाही. सगळे सूर तिला सारखेच. पण राणीला हे सांगणार कोण? ती गायला लागली की राजा मध्येच काहीतरी बोलायला काढायचा आणि गाणं तिथंच राहायचं.

चिमणे, पांघरूण एकटीच ओढू नकोस. त्याला पण दे. हं.

तर एकदा काय झालं, थंडीचे दिवस होते. आदल्या दिवशी अवेळी सर येऊन गेलेली. सकाळी राजा-राणी फिरत फिरत टेकडीवर गेले. राजा अर्थातच बोलत होता. बघतात तर काय, टेकडीच्या माथ्यावर एक म्हातारी बसलेली. पुढ्यात ही मोठी परात. परातीत ओलं इंद्रधनुष्य. म्हातारीनं ते धुवून काढलं होतं आणि आता ती त्याचे धागे वेगळे करत होती, वाळत घालायला.

कसे वेगळे करायची? गाऊन. तिनं "सा" म्हटलं की तांबडा धागा सुळकन वर यायचा. "रे" म्हटलं की नारिंगी. तुम्ही शाळेत म्हणता ना, तानापिहिनिपाजा, तसेच. तांबडा, नारिंगी, पिवळा, हिरवा, निळा, पारवा, जांभळा. सात सूर, सात रंग. ज्याचा सूर लागेल तो रंग वर.

राजा म्हणाला, "आजीबाई, हे काय चाललंय? हे कुठून आणलंत? आमच्या लहानपणी तर..."

म्हातारीनं ओठांवर बोट ठेवलं. म्हणाली, "बाळा, जरा गप्प बस. सूर चुकला की गुंता होतो."

राजा गप्प बसला. एक श्वास घेईपर्यंत. मग म्हणाला, "गुंता होतो म्हणजे कसा? आमच्याकडे एक कोष्टी आहे, त्याचा कधी गुंता होत नाही."

दोन धागे एकमेकांत अडकले. म्हातारी म्हणाली, "राजा असशील तुझ्या घरी. गप्प बस."

राणी म्हणाली, "अहो, त्या म्हणतायत की..."

"त्या काय म्हणतायत ते मला ठाऊक आहे," राजा म्हणाला, आणि कोष्ट्याच्या बापाची हकीकत सांगायला लागला. चांगली आ वासून सांगत होता. म्हातारीचा "म" लागायचा तो "ग" लागला, सातही धागे फटकन उडाले, त्यांचा झाला चेंडूएवढा गुंता, आणि तो गुंता गेला थेट राजाच्या उघड्या तोंडात. राजानं तो गटकन गिळला.

राणी घाबरली. म्हातारी मात्र शांत. तिनं परात उपडी करून झटकली आणि राणीला म्हणाली, "बाई गं, औषधपाण्यानं हे निघायचं नाही. आत बसलंय, तर आतूनच हललं पाहिजे." असं म्हणून ती परात डोक्यावर घेऊन टेकडीच्या पलीकडे उतरून गेली.

राजानं तिच्या पाठीमागून हाक मारायला तोंड उघडलं. तर शब्द कुठला निघायला? निघाला एक सूर, गोड, लांब, आणि सुरासोबत बाहेर आला एक रंगाचा फुगा. नारळाएवढा. तो हळूहळू तरंगत गेला आणि समोरच्या दगडावर फुस्सकन फुटला. दगड निळा झाला.

राजानं पुन्हा तोंड उघडलं. पिवळा. पुन्हा उघडलं. जांभळा. घरी येईपर्यंत सगळी वाट रंगली होती.

आता खरं सांगायचं तर, पहिल्या दिवशी राणीला बरं वाटलं. इतकी शांतता तिनं लग्नानंतर ऐकलीच नव्हती. चिमण्या ऐकू आल्या. पाटाचं पाणी ऐकू आलं. जेवताना तिनं म्हटलं, "आज आमटी जरा तिखट झाली आहे," आणि चक्क वाक्य पुरं झालं. ती चकित होऊन आमटीकडेच बघत राहिली.

पण समोर राजा बसला होता. तो काहीतरी सांगू बघायचा, फुगे निघायचे, भातावर फुटायचे. हिरवा भात, निळी पोळी. मग त्यानं तोंड मिटून घेतलं आणि मान खाली घातली. इतका बडबड्या माणूस, आणि कोपऱ्यात गप्प बसलेला. राणीनं अर्धं ताट तसंच बाजूला सारलं.

तिनं वैद्य बोलावले. राणीनं त्यांना म्हातारीचं बोलणं सांगितलं, पण वैद्य ते, औषध दिल्याशिवाय कसे जातील? पहिल्या वैद्यानं कडू काढा पाजला. काही नाही. दुसऱ्यानं पाठीत धपाधप धपाटे घातले. फुगे जरा मोठे झाले, एवढंच. तिसऱ्यानं राजाला झोपाळ्याला उलटं टांगलं. तेव्हा फुगे वर जायचे ते खाली जायला लागले आणि वैद्यबुवाच डोक्यापासून पायापर्यंत नारिंगी होऊन घरी गेले. त्यांची बायको दार उघडेना.

काय म्हणतोस? राजानं लिहून का नाही दाखवलं? अरे, त्याला लिहिता येतच नव्हतं. गुरुजी शिकवायला बसायचे, पण त्यांना बोलू देईल तर ना. गुरुजी कंटाळून निघून गेले होते.

मग दरबार भरला. दरबारात गवई होते. राजाच्या तोंडून सूर निघाले की ते माना डोलवायचे. एक म्हणायचा, "वा, महाराजांनी भूप लावला." दुसरा म्हणायचा, "छे, हा देसकार." दोघं भांडत बसायचे. महाराजांना काहीतरी म्हणायचं असेल, हे काही त्यांच्या डोक्यात यायचं नाही.

दरबारात एक प्रधान होते, हेरंबपंत. पोट मोठं, मिशा मोठ्या, हाव त्याहून मोठी. त्यांनी विचार केला, राजाचं बोलणं कुणालाच कळत नाही. मग ते मला कळतं असं म्हटलं तर कोण खोटं पाडणार?

ते उठले आणि म्हणाले, "शांतता. ही गंधर्वांची भाषा आहे. मी लहानपणी शिकलो आहे. महाराज म्हणतायत की घराघरातून तुपाचा एक एक गडू प्रधानांच्या घरी पोहोचवावा."

राजा ताडकन उठला. त्याच्या तोंडून फुगेच फुगे सुटले. प्रधानांचं नाक हिरवं झालं, मिशी तांबडी झाली. प्रधान हात जोडून म्हणाले, "बघा, महाराज आग्रहानं मला रंग लावतायत."

राजानं जोरजोरात मान हलवली. नाही, नाही. प्रधान म्हणाले, "महाराज म्हणतात, यात नाही म्हणायचं नाही."

तूप गेलं. दुसऱ्या दरबारात प्रधानांचा मेहुणा सेनापती झाला. हा मेहुणा शेळी दिसली तरी झाडावर चढायचा. तो आता कमरेला तलवार लावून हिंडायला लागला, आणि तलवार पायात येऊन पडायला लागला. खरा सेनापती घरी बसून मुलांना पतंग करून द्यायला लागला.

राणी हे सगळं पाहत होती. तिला कळत होतं की प्रधान थापा मारतायत. पण खरं काय ते तिला तरी कुठं माहीत होतं? ती राजाच्या तोंडाकडे बघत बसायची. सूर ऐकून तिला काही उमगायचं नाही, तिचा कानच तसला. पण डोळे तिचे चांगले तीक्ष्ण होते.

एके दुपारी ती खिडकीशी शेंगा सोलत बसली होती. राजा दारातून आत आला. तोंडातून फुगे निघाले. तांबडा, हिरवा, तांबडा. राणीनं वर पाहिलं. राजा पाणी प्यायला बाहेर गेला, परत आला. दारात पुन्हा तांबडा, हिरवा, तांबडा.

राणीच्या हातातल्या शेंगा तशाच राहिल्या. कालही तेच होतं. परवाही तेच होतं. त्या दाराची चौकट तांबडी हिरवी होऊन गेली होती. हा माणूस दारात आला की रोज एकच शब्द म्हणतो. पूर्वी दारात आला की काय म्हणायचा बरं?

पूर्वी तो हाक मारायचा. केतकी.

के, त, की. तांबडा, हिरवा, तांबडा. दोन्ही "क" तांबडे, मधला "त" हिरवा.

राणी उठून उभी राहिली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. बोलता येत नव्हतं तरी तो दारात आला की तिला हाक मारतच होता, आणि तिला इतके दिवस वाटत होतं की तो नुसताच रंग उडवतोय.

ती म्हणाली, "अहो, तुम्ही मला हाक मारताय?"

राजानं अशी मान डोलावली की मुकुट पलंगाखाली गेला.

मग काय, दोघं कामालाच लागली. राणी म्हणाली, "गाय म्हणा." फुगा तांबडा आणि पारवा. "खांब म्हणा." तांबडा आणि निळा. म्हणजे क, ख, ग सगळे तांबडेच? राणीनं स्वतः म्हणून पाहिलं. क, ख, ग, घ. बोट तोंडात घालून पाहिलं. अगं बाई, हे सगळे एकाच जागेवरून येतात, पार घशाशी. च, छ, ज, झ टाळूपाशी, ते नारिंगी. ट, ठ, ड, ढ, ण जीभ मागे वळवून, ते पिवळे. त, थ, द, ध, न दातांशी, ते हिरवे. प, फ, ब, भ, म ओठांशी, ते निळे. य, र, ल, व पारवे. आणि श, ष, स, ह, ळ हे उरलेले सगळे जांभळे. पोटातल्या त्या गुंत्यानं अक्षरांच्या सात ओळी सात रंगांत वाटून घेतल्या होत्या.

तुम्ही पण करून बघा. प म्हणा. ओठ मिटतात की नाही? तो निळा. त म्हणा. जीभ दाताला लागते. तो हिरवा. आता पुरे, थुंकी उडतेय.

दासी आत आली तर राणी तोंडात बोट घालून "ढ, ढ, ढ" करतेय आणि राजा समोर पिवळे फुगे सोडतोय. दासीनं परातीसकट पाय मागे घेतले. स्वयंपाकघरात जाऊन म्हणाली, "आता राणीसाहेबांनाही लागण झाली."

पण एवढ्यानं भागलं नाही, बरं का. एकेका रंगात चार-पाच अक्षरं. घोटाळे व्हायचे.

राजाला एकदा कढी प्यावीशी वाटली. त्यानं फुगे सोडले, तांबडा आणि पिवळा. राणीला वाटलं, काढा. तिनं वैद्याचा कडू काढा आणला. राजानं तोंड वाकडं केलं आणि पुन्हा सोडले, तांबडा, पिवळा. राणीनं आणखी काढा आणला. राजानं तो खिडकीतून ओतून दिला. खालून माळी ओरडला.

मग राजाला बोरं खावीशी वाटली. बोर, निळा आणि पारवा. राणीनं नोकरांना सांगितलं, महाराजांना मोर हवाय. चौघांनी बागेतून मोर धरून आणला. मोरानं राजाचा पलंग, गालिचा आणि एका नोकराचं धोतर यांची वाट लावली.

तिसऱ्यांदा राजाला नवी गादी हवी होती, जुनीवर मोर नाचला होता ना. गादी, तांबडा आणि हिरवा. राणीनं विचार केला, विचार केला, आणि खत मागवलं. शेणखताची अख्खी गाडी जिन्यावरून शयनघरात आली. राजानं कपाळावर हात मारला.

त्या दिवशी मात्र दोघांनी बसून नियम केले. राणीनं राजाला अक्षरांच्या ओळी आणि काना-मात्रा ऐकवून ऐकवून पाठ करून दिल्या. ओळीतलं पहिलं अक्षर असेल तर एक फुगा, दुसरं असेल तर दोन, तिसरं असेल तर तीन. म्हणजे बोरातल्या "ब"ला तीन निळे आणि मोरातल्या "म"ला पाच. काना असेल तर फुगा लांबट काढायचा, दुधीसारखा. वेलांटी असेल तर वर उडवायचा, उकार असेल तर खाली सोडायचा, जसे आपण लिहितो तसेच. मात्रा असेल तर डावी भुवई उचलायची, काना-मात्रा असेल तर उजवी. राजाला एकच भुवई उचलता येईना. तो आरशासमोर दिवसभर बसला. शेवटी जमलं.

आणि मग अशी गंमत झाली की दोघं बोलायला लागली. एक एक शब्द यायला वेळ लागायचा. राजाला भराभर बोलता येईना, म्हणून तो निवडून बोलायला लागला. राणी फुगे बघायची, थांबायची, समजून घ्यायची, मग उत्तर द्यायची. आणि ती उत्तर देताना राजाचा श्वास संपलेला असायचा, तो गप्प बसून ऐकायचा. सगळ्या भिंतींवर रंगांचे ठिपके. राणी एकदा म्हणाली, "आपण पूर्वी कधी इतकं बोललो नव्हतो." राजानं चार जांभळे फुगे सोडले आणि उजवी भुवई उचलली. म्हणजे काय? "हो."

इकडे प्रधानांच्या कानावर गेलं की राणी राजाशी बोलते. ते हादरले. त्यांनी घाईघाईनं दरबार भरवला. राजा बोलायला उठला, आणि त्याचा पहिला फुगा फुटायच्या आधीच प्रधान म्हणाले, "महाराज म्हणतायत की राणीसाहेबांनी माहेरी निघून जावं, कायमचं. आणि त्यांच्या आसनावर प्रधानांनी बसावं."

गवई भांडायचे थांबले. राजा पांढराफटक पडला आणि राणीचा हात घट्ट धरून उभा राहिला.

राणीनं आवाज कापू दिला नाही. ती म्हणाली, "प्रधानजी, महाराज असं म्हणालेले नाहीत. त्यांची भाषा मला येते."

प्रधान हसले. "राणीसाहेबांना माहेरी जायचं नाही, म्हणून त्या असं म्हणणारच."

"मग परीक्षा घ्या," राणी म्हणाली. "आपण दोघं बाहेर जाऊ. इथल्या कुणीही महाराजांच्या कानात एक गोष्ट सांगावी. आपण आत आलो की महाराज ती म्हणतील. मग बघू, कुणाला येते."

लोक म्हणाले, "हे बरोबर आहे." आता प्रधानांना नाही कसं म्हणता येणार? दोघं बाहेर गेले.

कानात सांगायला कोण पुढे यावं? सगळे एकमेकांकडे बघायला लागले. शेवटी धुरपदाबाई उठली. ही राजवाड्याच्या मागे राहणारी गवळण, म्हशी पाळायची, दूध घालायची. ती राजाजवळ गेली, पदर तोंडाला लावला आणि कानात काहीतरी पुटपुटली. राजाचे डोळे एवढे मोठे झाले. त्यानं तिच्याकडे बघितलं, की हेच म्हणू का? तिनं मान डोलावली.

प्रधान आणि राणी आत आले. राजानं खोल श्वास घेतला आणि एक एक फुगा सोडायला लागला. लांबट, वर जाणारे, खाली जाणारे. डावी भुवई, उजवी भुवई. दरबाराचं छत रंगून गेलं.

प्रधान लगेच म्हणाले, "अगदी सोपं आहे. महाराज म्हणतात, धुरपदाबाईनं रोज एक हंडा दही प्रधानांकडे घालावं."

धुरपदाबाई कमरेवर हात ठेवून म्हणाली, "मी मरेन पण असं सांगणार नाही."

लोक हसले. प्रधान म्हणाले, "मग राणीसाहेबांनी सांगावं."

राणी फुगे मनातल्या मनात जोडत होती. पारवे, पिवळे, जांभळे. ती मोठ्यानं म्हणाली, "राणीसाहेब गायला लागल्या की..." आणि थांबली. पुढचं तिला कळलं होतं. तिचे कान लाल झाले.

"अडलं," प्रधान म्हणाले. "बघा, अडलं."

राणीला वाटलं, जमिनीनं पोटात घ्यावं. नाही सांगितलं तर माहेरची वाट. सांगितलं तर सगळ्या दरबारासमोर स्वतःचीच फजिती. तिनं राजाकडे पाहिलं. राजा छताकडे बघत होता. तिनं पदर सावरला, मान ताठ केली आणि स्पष्ट आवाजात म्हणाली,

"राणीसाहेब गायला लागल्या की माझी म्हैस पान्हा चोरते."

पान्हा चोरते म्हणजे दूध देत नाही, रे. अडवून धरते.

दरबारात इतकी शांतता झाली की गवयाच्या पोटातला गुरगुराट ऐकू आला. राणीनं विचारलं, "धुरपदाबाई, हेच सांगितलंत का?"

धुरपदाबाई खाली बघत म्हणाली, "हेच सांगितलं, बाईसाहेब. कुणाला अंदाजानं ओळखता येऊ नये असं काहीतरी हवं होतं. आणि हे फार दिवस मनात होतं माझ्या."

राणी राजाकडे वळली. "अहो, खरं आहे का हे? मी इतकं वाईट गाते?"

राजानं गवयांकडे पाहिलं. गवयांनी पागोट्यांत तोंडं लपवली. राजानं हळूच चार जांभळे फुगे सोडले आणि उजवी भुवई उचलली.

"म्हणून तुम्ही माझ्या गाण्यात मध्येच बोलायला काढायचात? म्हैस बिथरू नये म्हणून?"

पुन्हा चार जांभळे. पुन्हा उजवी भुवई.

राणीनं ओठ दाबून धरले. पण तिच्या डोळ्यांसमोर ती म्हैस आली, गोठ्यात उभी, कान मिटून, पान्हा आवळून धरलेली, आणि गच्चीवर आपण डोळे मिटून गातोय. तिला हसू फुटलं. आधी खुदकन, मग खदखदून. ती हसता हसता खाली बसली. तिला हसताना बघून राजाला हसू आलं. आता हा राजा आयुष्यात कधी हसलाच नव्हता, बरं का. सतत बोलणाऱ्या माणसाला हसायला सवड कुठली? पण त्या दिवशी तो हसला. पोट धरून हसला. त्याचं पोट गदगदा हललं, खांदे हलले, सिंहासन हललं. आतला गुंता सैल झाला, वर सरकला, आणि राजाला एक जोराची उचकी लागून तो बाहेर पडला.

तांबडा, नारिंगी, पिवळा, एक एक धागा सुटत सुटत खिडकीतून गेला. बायका-माणसं खिडक्यांशी धावली. शेतांवर, विहिरींवर, धुरपदाबाईच्या गोठ्यावर लखलखीत इंद्रधनुष्य. पाऊस नाही, पाणी नाही, आणि भर दुपारी इंद्रधनुष्य.

राजानं घसा खाकरला. लोक म्हणाले, आता सुटला, आता संध्याकाळपर्यंत थांबत नाही. प्रधान दाराकडे सरकायला लागले होते. राजा म्हणाला, "हेरंबपंत, थांबा." शब्दच निघाले, साधे, बिनरंगाचे.

प्रधान थांबले. राजानं त्यांना काय शिक्षा दिली? ज्या ज्या घरचं तूप आणलं होतं त्या त्या घरी आपल्या हातानं नेऊन द्यायचं. खाल्लेलं असेल तर स्वतः लोणी घुसळून, कढवून द्यायचं. त्यांनी बरंच खाल्लेलं होतं. धुरपदाबाईनं त्यांना रवी कशी धरायची ते शिकवलं, दम देऊन. मेहुण्यानं आपण होऊनच तलवार खाली ठेवली. त्याला हायसं वाटलं बिचाऱ्याला. खरा सेनापती कामावर परत आला, हाताला पतंगाची खळ लागलेली.

मग राजा राणीकडे वळला. म्हणाला, "केतकी." आणि पुढे बोलायला तोंड उघडलं.

राणी म्हणाली, "अहो, थांबा. मला बोलायचं आहे."

राजानं तोंड मिटलं. मिटायची सवय झाली होती ना आता.

आणि राणी जी सुरू झाली. इतक्या वर्षांची अर्धी अर्धी वाक्यं पोटात होती, ती ओळीनं बाहेर यायला लागली. ती म्हणाली, "पहिलं म्हणजे, आपल्या लग्नात, अंतरपाट दूर झाला तेव्हा मी सांगत होते की तुमच्या दाढीत जिलबीचा तुकडा अडकलाय. तुम्ही म्हणालात, तू काय म्हणतेस ते मला ठाऊक आहे. आणि तसेच वरातीत बसलात. सगळ्या गावभर."

राजाचा हात दाढीकडे गेला. इतक्या वर्षांनी.

"दुसरं म्हणजे," राणी म्हणाली. दरबारी लोकांनी चपला घातल्या आणि हळूहळू घरी गेले. गवई गेले, धुरपदाबाई धारा काढायला गेली. राजा मात्र तिथंच बसला, हनुवटी हातावर ठेवून, आणि ऐकत राहिला. त्याला ते सगळं नवीनच होतं, आणि फार आवडलं.

पुढे काय? पुढे सगळं छान. राणीनं गाणं सोडलं नाही, हौस ती हौस. पण म्हशीची धार निघाली की धुरपदाबाई गच्चीखालून ओरडायची, "गा हो, बाईसाहेब." मग ती गायची, आणि राजा शेवटपर्यंत ऐकायचा. वेळूनगरात कुणाच्या चुलीवर दूध कमी पडलं नाही आणि कुणाच्या घरी हसू कमी पडलं नाही. ते सगळे पोटभर जेवले, पाठ टेकली आणि गाढ झोपले.

आता तुम्हीही झोपा. ओठ मिटा. हं, निळे. डोळे मिटा. हळूच. झोपलात का रे? झोपले.